वळसा

माझी फेरी सातवी.
मी रुजू झालो तेव्हा किल्डेअरच्या या टोकाला
होती त्र्याहत्तर दारं,
आणि वाटा किती, ते मोजायचं कधी सुचलंच नाही.
हॅनलनच्या गोठ्यामागून निघालेली पाणंद
ओढा ओलांडून थेट चर्चच्या मागल्या फाटकाशी,
तिला मधेच तिठा, तिठ्याला आणखी एक फाटा;
सायकल कुठूनही घातली तरी कुठेतरी निघायची.
चुकणं अवघड होतं. आणि चुकलोच तर
कुणीतरी चहा विचारायचं.

मग हॅनलननं पहिलं शेत विकलं.
मग दुसरं, ओढ्याकडचं.
हेझलची झाडं तोडून झाली ती हेझल ग्रोव्ह.
चंडोल उडून गेले तिथं लार्कफील्ड.
ओढा पाइपात घातला, त्याचंही नाव
एका फाटकावर पितळी अक्षरांत आहे.

प्रत्येक वसाहतीला तोंड एकच.
आत रस्ता वळतो, पुन्हा वळतो,
आणि कढईच्या बुडासारख्या गोलात येऊन बसतो,
भोवती सहा घरं, सहा गाड्या,
मधे एक बास्केटबॉलची जाळी.
या पानावरून त्या पानावर जायचं
तर डहाळी, फांदी, खोड, सगळं उतरायचं
आणि शेजारच्या झाडावर नव्यानं चढायचं.
पाखराला हे कुणी सांगितलेलं नाही.

कौन्सिलातून नेसा नावाची मुलगी आली होती,
चार पारदर्शक कागद घेऊन, चार सालांचे.
गाडीच्या बॉनेटवर एकावर एक ठेवले.
जिथं रस्ते भेटतात तिथं लाल ठिपका,
जिथं संपतात तिथं निळा.
खालचा कागद गोवर आल्यासारखा लाल,
वरचा नुसता निळा.
"रस्ते तर भरपूर वाढले हो," ती म्हणाली,
"पण एकमेकांशी बोलत नाहीत."
मी म्हटलं, मला विचारायचं ना,
माझ्या गुडघ्यात आहे हा नकाशा.

चव्वेचाळीस, हेझल ग्रोव्ह: ब्रेस्लिनबाई.
चव्वेचाळीस, लार्कफील्ड: व्रोना, पोलंडहून आलेले.
मधे सहा फुटी काँक्रीटची भिंत.
इकडे कांदा परतला की तिकडे शिंक येते.
माझ्या व्हॅनला मात्र तीन किलोमीटर,
दोन सिग्नल, एक गोल चक्कर,
सगळा द्राविडी प्राणायाम.
एकदा माझ्याच हातून पत्रांची अदलाबदल झाली.
बाईंनी व्रोनांचं विजेचं बिल दगडाला गुंडाळलं
आणि दिलं भिरकावून.
तिकडून परत आलं बाईंचं पत्र, बटाट्याला बांधलेलं.
तेव्हापासून त्यांचं बरं जमतं.
सफरचंदं येतात, लोकरीचे गुंडे जातात;
अंडी तेवढी वळशानं.

गेल्या मार्चात कुणीतरी भिंतीतले चार ठोकळे काढले.
आठ दिवस कोर्नेलिया व्रोना
शाळेची घंटा ऐकून घरातून निघायची
आणि वेळेत पोचायची.
मग सभा भरली.
चोर येतील, म्हणाले. पोरं टोळक्यानं उभी राहतील.
घरांच्या किमती, म्हणाले, आणि मग बराच वेळ तेच.
बुजवा: एक्केचाळीस. राहू द्या: नऊ.
मी दाराशी उभा, मला मत नाही.
ब्रेस्लिनबाईंचा हात वर गेला, एक्केचाळिसांत.
नंतर विचारलं, तर पिशवी या हातातून त्या हातात घेत म्हणाल्या,
"अरे, रात्री पावलं वाजायची रे."

ठोकळे परत बसले. सिमेंट अजून वेगळ्या रंगाचं आहे.
नेसानं तिथं लाल ठिपका काढला होता की नाही,
माहीत नाही.

पण लार्कफील्डच्या हिरवळीवर दव पडलेलं असतं ना,
सकाळी सातच्या आधी, तेव्हा दिसते:
कोपऱ्यापासून तिरपी गेलेली एक दबलेली रेघ,
हॅनलनची पाणंद जायची अगदी तशीच,
भिंतीपर्यंत.
तिथं कोण येतं, कशाला येतं,
येऊन काय करतं, कुणास ठाऊक.
गवत रोज नव्यानं आडवं झालेलं असतं.

मी इंजिन चालू करतो.
पुढचं पत्र, चव्वेचाळीस.